जत्रेतली नाटकं, ओपन सोर्स आणि ‘सर्व हक्क, कायमचे’

अंत्रुजी (धागाकर्ता)

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावातल्या नाट्यमंडळाकडे एका म्युझिक कंपनीचा करारनामा आलाय. जत्रेला आणि शिगम्याला आमची मंडळी जी संगीत नाटकं करतात, त्यांतल्या पदांची रेकॉर्डिंगं त्यांना हवी आहेत. रेकॉर्डिंगं मी केलेली, हौसेने. कंपनी ती सगळ्या ॲपांवर चढवणार आणि मंडळाला एकरकमी काहीतरी देणार. शेवटच्या पानावर कलम असं: सर्व हक्क, सर्व माध्यमांत, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या, संपूर्ण विश्वात, कायमचे. होय, विश्वात. कमिटीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं, "दिवया रे, नाजाल्यार डिस्कार पडूनच आसा." (देऊया रे, नाहीतर डिस्कवर पडूनच आहे.)

मी अजून हो-नाही काहीच बोललेलो नाही. त्या कलमाने डोक्यात भलताच गुंता झालाय, तो इथे सोडवायला बसलोय.

दिवसा मी पर्वरीत एका ऑफिसात डेटाबेस सांभाळतो. तिथे लिनक्स, पोस्टग्रेस, पायथन, म्हणजे सगळं ओपन सोर्स, लोकांनी कोड खुला करून ठेवलेलं. रात्री रेकॉर्डिंग करतो ते आर्डर या सॉफ्टवेअरवर. आर्डर लिहिणारा पॉल डेव्हिस हा ॲमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. तिथून बाहेर पडून त्याने आवाजाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याची पद्धत मला फार आवडते. सोर्स कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली कुणीही घ्या, स्वतः बांधा. तयार, टिचकी मारून चालू होणारी प्रत हवी असेल तर पैसे मोजा. यात दानधर्म नाही आणि लूटही नाही.

आता दुसरी बाजू. एमपी३चे पेटंट हातात असलेल्या फ्राउनहोफर संस्थेने १९९८मध्ये परवाना-फी वसूल करायचं जाहीर केलं, तेव्हा काही लोकांनी चिडून पेटंटमुक्त ऑग व्हॉर्बिस हे आवाजाच्या फाइलींचं स्वरूप तयार केलं. (एमपी३चा तो परवाना कार्यक्रम २०१७मध्ये बंद झाला, तोवर जग पुढे गेलं होतं.) आणि स्पॉटिफायने कोट्यवधी लोकांच्या कानापर्यंत गाणी कशात पोचवली? ऑग व्हॉर्बिसमध्ये. ज्यांनी ते बनवलं त्यांची नावं त्या श्रोत्यांपैकी कुणाला ठाऊक आहेत? आणि २०२४पासून त्याच स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय एक पैसाही मिळत नाही. आमच्या मंडळाचं नाट्यपद हजारदा कोण ऐकणार? आमचेच लोक ऐकतील, तेही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं.

संगीत कंपन्यांचा कॉपीराइटबद्दलचा कळवळा किती खरा, याचा माझा आवडता किस्सा २००५चा आहे. सोनी-बीएमजीने सीडीवर कॉपी होऊ नये म्हणून एक्ससीपी नावाचं प्रकरण घातलं. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की ते गुपचूप विंडोजच्या पोटात शिरून लपून बसायचं. मार्क रुसिनोविच या अभ्यासकाने ते ऑक्टोबर २००५मध्ये उघड केलं, प्रचंड बोंब झाली, सीड्या परत बोलवाव्या लागल्या. गंमत पुढे आहे. लोकांनी ते सॉफ्टवेअर उचकटून पाहिलं तर आत लेमसारख्या खुल्या प्रकल्पांचा कोड सापडला, परवान्याच्या अटी धाब्यावर बसवून वापरलेला. म्हणजे चोरी थांबवायला आणलेलं कुलूपच चोरीच्या लोखंडाचं!

गोव्यात बसून हे सगळं आठवलं की मला सिनेसंगीतातली आपली माणसं आठवतात. पाद्रींच्या शाळांमध्ये स्टाफ नोटेशन शिकलेले आपले वादक मुंबईला गेले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अल्दोनाचा चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती ऐकून चाळीस व्हायोलिनांनी काय वाजवायचं, ट्रंपेट कुठे यायचा, हे कागदावर उतरवायचे हे लोक. तबकडीवर नाव मात्र संगीतकाराचं. रॉयल्टीचा तर प्रश्नच नव्हता, काम झालं की त्या दिवसाचे पैसे घेऊन घरी. गोन्साल्विसांचं नाव घराघरांत पोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गाण्यात घातलं म्हणून.

फुकट तर टोरवाल्ड्सनेही दिलं. पण बघा, १९९१मध्ये लिनक्स सोडलं तेव्हा त्याच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. दुसऱ्या वर्षी विचार बदलून तो जीपीएलवर गेला. म्हणजे त्याने दिलं ते अटी लिहून, आणि अटी बदलल्या त्याही स्वतःच. कोडमध्ये नाव राहिलं, कुठल्या कंपनीने त्यावर अब्जावधी कमावले तरी उद्या तोच कोड घेऊन वेगळी वाट धरायची मुभा कुणालाही राहिली. आपल्या वादकांनी सगळं दिलं आणि लिहून काहीच ठेवलं नाही. त्यांनी लिहिलेल्या नोटेशनच्या वह्यासुद्धा बहुतेक गेल्या.

तेव्हा माझा कल असा: कंपनीला सही द्यायची नाही, रेकॉर्डिंगं क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुली करायची, प्रत्येक कलाकाराचं नाव फाइलमध्येच घालायचं. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३मध्ये असाच खुला केला, आकाश कोसळलं नाही. बोला.

———

मोरजेकार

वाचलं. सोनीच्या सीड्यांचा किस्सा माहीत नव्हता. बाकी ‘विश्वात’ हे कलम सगळ्या कंपन्यांच्या कागदांत असतं, त्यात आपल्या जत्रेचा विशेष अपमान नाही. :)

———

घुमटकार

अंत्रुजीबाब, तुमचं सगळं पटलं, पण खुलं केलं म्हणून सुटका होत नाही हे सांगायला आलोय. चवथीला आमच्या घुमट आरतीचा व्हिडिओ आम्ही एका साइटवर टाकला. घुमट, शामेळ, झांज, आमचेच गळे. आरती पिढ्यान्‌पिढ्यांची. दुसऱ्या दिवशी दावा: हे संगीत अमुक कंपनीच्या मालकीचं. त्यांनी कधीतरी तीच आरती कुणाकडून तरी गाऊन घेतलीय, आणि मशीनला दोन्ही सारख्या वाटल्या. आम्ही हरकत घेतली, काही आठवड्यांनी दावा सुटला. पण चवथ संपली, बघणारे गेले.

म्हणजे मालकी कुणाची हे ठरवतंय कोण, तर यंत्र. आणि त्या यंत्रात ज्याने आधी नोंद केली तो खरा. तेव्हा कंपनीचा कागद नको म्हणा, पण कुठेतरी आपली नोंद मात्र करून ठेवा.

जाता जाता: २०१९मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केलं. पण दावा आला तेव्हा वारसा खातं कामाला येत नाही हो.

———

रोकडा

मी थोडा तिखट बोलणार, राग नसावा.

ओपन सोर्सवाल्यांची ही भोळी भक्ती मला कधीच झेपली नाही. ‘नाव राहिलं, मुभा राहिली.’ पोट कशावर भरलं? २०१४मध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षेतला दोष बाहेर आला तेव्हा कळलं की जगातल्या निम्म्याअर्ध्या बँका ज्या ओपनएसएसएल या खुल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरवर विसंबून होत्या, त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या येत होत्या साधारण दोन हजार डॉलर. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या खुल्या सॉफ्टवेअरमधला दोष फुटला, ऐन नाताळाच्या तोंडावर स्वयंसेवक बसले दुरुस्त करत. मार्च २०२४चं एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरचं प्रकरण तर भयंकर. एकटा थकलेला माणूस प्रकल्प सांभाळतोय, कुणीतरी अनोळखी ‘मदतनीस’ वर्षानुवर्षं गोड बोलून शिरतो आणि मागचं दार ठेवून जातो. ते पकडलं कुणी? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत बसलेल्या अँड्रेस फ्रॉइंडने. तो नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये. ज्या कंपनीच्या बाल्मरसाहेबांनी २००१मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं, आणि जिने २०१८मध्ये साडेसात अब्ज डॉलर देऊन गिटहब विकत घेतलं, ती.

इलॅस्टिक, हॅशिकॉर्प, रेडिस या खुल्या सॉफ्टवेअरच्या कंपन्या, सगळ्यांनी एकेक करून परवाने आवळले, कारण मोठ्या क्लाउड कंपन्या त्यांचंच सॉफ्टवेअर भाड्याने देऊन त्यांच्यापेक्षा जास्त कमवत होत्या. खुलं ठेवणं परवडत नाही हे त्यांना कळलं, तुमच्या नाट्यमंडळाला कधी कळणार? घ्या ते एकरकमी पैसे. पडद्यांना रंग द्या.

———

अंत्रुजी

रोकडासाहेब, तुमची यादी खरी आहे, निष्कर्ष अर्धाच आहे. त्या तिघांनी परवाने आवळले तेव्हा काय झालं? इलॅस्टिकमधून ओपनसर्च निघालं, हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्ममधून ओपनटोफू, रेडिसमधून व्हाल्की. लोक जुना खुला कोड घेऊन चालू पडले, आणि रेडिसला २०२५मध्ये पुन्हा खुला परवाना द्यावा लागला. हीच मुभा. सेबॅस्टियन डिसोझांना अशी मुभा कुठे होती? स्वतः लिहिलेली ॲरेंजमेंट घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता आलं असतं का त्यांना?

पैशांचं म्हणाल तर हो, तिथे ओपन सोर्स कायम लंगडं राहिलंय. आपल्याकडे झेरोधाने २०२४मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर अशा प्रकल्पांना द्यायचा फंड काढला, तो बरा वाटला. पण एका शेअर दलालाच्या मर्जीवर जगाचा पाया उभा राहू नये, एवढं तुमच्या बाजूने मान्य.

पडद्यांना रंग हवाच आहे, हेही खरं.

———

कायदेबाज

मी वकिली करतो, पण ही गप्पा समजा, सल्ला नव्हे.

धाग्यात एक मोठी गल्लत आहे. ‘हक्क कुणाचे’ हा एक प्रश्न नाही, निदान चार आहेत. नाटकाचा शब्द, पदाची चाल, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क.

शब्द आणि चाल: कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. उदाहरणार्थ ‘मानापमान’ घ्या. खाडिलकर १९४८मध्ये वारले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५मध्ये. दोन्ही आता मोकळे. पण तुमच्या गावातल्या कुणी नवीन नाटक लिहिलं असेल, नवी पदं बांधली असतील, तर ते हक्क त्या माणसाचे. मंडळ त्यावर परस्पर सही करू शकत नाही, आणि ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ही करू शकत नाही. अंत्रुजी, हे तुम्हालाही लागू.

रेकॉर्डिंग: ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते केलं तो निर्माता. प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. तुम्ही की मंडळ, हे आधी आपसांत ठरवा.

कलाकार: पन्नास वर्षं. शिवाय नाव लावून घ्यायचा आणि आपल्या कलेची विद्रूप मोडतोड रोखायचा हक्क वेगळा, २०१२च्या दुरुस्तीने आलेला.

आता त्या ‘पुढे निघणाऱ्या’ कलमाबद्दल. त्याच दुरुस्तीने असं ठरलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा स्पष्ट नामोल्लेख असल्याशिवाय हक्क जात नाहीत. नुसतं ‘पुढे निघणारं सगळं’ लिहून भागेल असं मला वाटत नाही. तसंच, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते ‘कायमचे’ आणि ‘विश्वात’ आवर्जून लिहितात. शब्द हास्यास्पद वाटले तरी ते फुकाचे नाहीत. आणि उलट बाजूनेही एक पाचर आहे: घेतलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर ते गळून पडतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ते वेगळं लिहिलंय का, तेवढं बघा.

एक गोव्यातलीच गोष्ट. ३० जानेवारी २०२४ला आपल्या सरकारने परिपत्रक काढलं की लग्नसमारंभात गाणी वाजवायला रॉयल्टी मागता येणार नाही. हॉटेलवाले, डीजेवाले खूश. पीपीएल ही गाणी वाजवायचे परवाने देणारी संस्था आणि एक कॅसेट कंपनी कोर्टात गेली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्यात लग्नाला जी सूट आहे ती आहेच. परिपत्रकाने ती ताणता येत नाही, असा एकंदर सूर. लोकांनी मात्र बातमी वाचली ती ‘लग्नात गाणी बंद’ अशी.

———

मोरजेकार

कायदेबाज, म्हणजे पंचतारांकित रिसॉर्टमधल्या दिल्लीवाल्यांच्या लग्नात रॉयल्टी द्यायची की नाही?

———

कायदेबाज

मुहूर्ताला आणि वरातीला वेगळं, आदल्या रात्रीच्या तिकीटवाल्या पार्टीला वेगळं. अधलंमधलं सगळं वकिलांच्या पोटापाण्यासाठी आहे.

———

स्वरदा_म्हापसें

कलाकारांच्या हक्कांबद्दल कायदेबाजांनी लिहिलं ते बरं झालं. धाग्यात इतका वेळ वादक, प्रोग्रामर, कंपन्या. गाणाऱ्या बायका कुठे आहेत?

आपल्याच भूमीतल्या केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई. देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींनी बाहेर पडून हिंदुस्थानी संगीतात नाव काढलं. केसरबाईंना ध्वनिमुद्रण मनापासून आवडत नसे. आणि नियती बघा, १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी गेली तिच्यात भारतातून निवडलं ते त्यांचं भैरवीतलं ‘जात कहां हो’. तर अंत्रुजी, ‘संपूर्ण विश्वात’ हे कलम गोव्याच्या बाबतीत अगदीच हवेतलं नाही, आमची बाई आधीच तिथे पोचलीय. त्याच वर्षी त्या वारल्या.

गंमत बाजूला. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण मांडलं, तर रफीसाहेबांशी त्यांचा अबोला झाला. रफीसाहेबांचं म्हणणं, पैसे मिळाले, विषय संपला. तुमच्या कमिटीतले ज्येष्ठ तेच म्हणताहेत. यात गायकाला मूर्ख समजायची गरज नाही. ज्याला आजचा पैसा हातात मिळण्याची खात्री नसते, तो उद्याच्या टक्केवारीला हसतो. मी स्वतः शिकवण्या करून जगते, मला ते कळतं.

मला खटकतं ते दुसरंच. तुम्ही रेकॉर्डिंगं ‘खुली’ करणार, कंपनी ‘बंद’ करणार. दोन्हींत ज्या मुलीने ते पद गायलं तिला विचारलं का कुणी? की मंडळ म्हणजे पुरुषांची कमिटी?

———

घुमटकार

स्वरदाबाय, बरोबर बोललात.

———

रोकडा

अजून एक मुद्दा कुणीच काढला नाही. एआय. तुम्ही खुलं ठेवलंत की ते लोक चाटूनपुसून नेणार आणि उद्या ‘जत्रेतल्या नाट्यपदासारखं काहीतरी दे’ म्हटलं की मशीन देणार. जून २०२४मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी एआयने गाणी बनवणाऱ्या सुनो आणि उडिओवर दावे लावले. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्धच्या खटल्यात फेब्रुवारी २०२५मध्ये टी-सिरीज, सारेगामा वगैरे मंडळींनीही उडी घेतली. म्हणजे कंपनीकडे हक्क असतील तर निदान भांडायला कुणी आहे. तुमच्या वतीने कोण भांडणार? फोंड्याची तालुका लायब्ररी?

———

अंत्रुजी

हा मुद्दा बोचरा आहे आणि माझ्याकडे सरळ उत्तर नाही. गिटहबवर कोड खुला ठेवणाऱ्यांचंही हेच झालं, कोपायलट हे कोड लिहून देणारं एआय आलं आणि २०२२मध्ये त्यांनीही दावा लावला. अटी पाळा म्हणून लिहिलेला परवाना मशीन वाचत नाही. पण कंपनी भांडली तरी ती कुणासाठी भांडते? तडजोडीचे पैसे आले तर ते आमच्या पदापर्यंत येतील, यावर तुमचा तरी विश्वास आहे का, रोकडासाहेब?

स्वरदाताईंचा प्रश्न मी कालच्या बैठकीत मांडला. थोडी शांतता झाली, मग बराच आवाज झाला. ठरलं ते असं. सही करायची नाही, पण कंपनीला नाहीही म्हणायचं नाही. हस्तांतरणाऐवजी परवाना, मुदत तीन वर्षं, फक्त आज चालू असलेल्या ॲपांपुरता, एआयला शिकवायला वापर नको हे वेगळं कलम, नावं छापलीच पाहिजेत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाची वेगळी संमती. जे संमती देणार नाहीत त्यांचं पद वगळायचं. मूळ फाइली फ्लॅकमध्ये (म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता) मंडळाकडे, एक प्रत गावाच्या वाचनालयात. खुलं करायचा माझा प्रस्ताव पडला नाही, फक्त ज्यांची हरकत नाही तेवढ्याच पदांपुरता उरला. पडद्यांच्या रंगाचं काय, यावर आणखी एक बैठक आहे.

———

मोरजेकार

कंपनी हे ऐकणार नाही.

———

अंत्रुजी

नाही ऐकली तर नाही ऐकली. फाइली आपल्याकडेच आहेत.

———

घुमटकार

बाहेरून आलेल्यांचं काय केलंत? नाईट (प्रयोगाचे पैसे) घेऊन आलेले ऑर्गनवाले मास्तर, तबलजी? त्यांची संमती?

———

अंत्रुजी

मास्तरांना फोन केला. नाव घालायला आनंदाने हो म्हणाले, पैसे नकोत म्हणाले. अट एकच: दुसऱ्या अंकातल्या पदात त्यांचा हात चुकलाय, ते काढून टाका.

———

स्वरदा_म्हापसें

काढलंत का?

———

अंत्रुजी

अजून नाही. कंपनीने यादीत सगळ्यांत वर तेच पद मागितलंय.